किलो कोणाच्या मांडीवर?

घरात लांब केसांचं मांजर आलं की दोन गोष्टी साचत जातात. केस आणि किस्से. केस माझी बायको कुंदा झाडते. किस्से मात्र झाडून जात नाहीत. एक सांगायला घेतला की त्याच्या शेपटीला धरून दुसरा येतो. त्यात पांढुर्ण्यातल्या आमच्या ओट्यावर संध्याकाळी बसणारी मंडळी अशी, की किस्सा इथून वीतभर निघाला तर बाजारापर्यंत हातभर होतो. मी मूळ मापात सांगतो. थोडं इकडंतिकडं झालं तर सांभाळून घ्या.

तर झालं असं. माझी मुलगी पल्लवी नागपूरला नोकरी करते. तिनं हौसेनं एक पर्शियन मांजरीचं पिल्लू घेतलं आणि घरमालकानं आठव्या दिवशी सांगून टाकलं, "एक तर मांजर राहील, नाहीतर तू." दिवाळीला ती टोपली घेऊनच आली.

"बाबा, असलं पिल्लू कोणाशी तरी जुळावं लागतं, नाहीतर ते मनानं खचतं. संक्रांतीला येते मी. तोवर ती आपणहून तुमच्या मांडीवर बसली तर ती तुमची. नाही बसली तर दुसरं घर पाहीन."

"अगं, दोन दिवसांत बसते!" मी म्हटलं.

टोपली उघडली. कापसाच्या बोंडाला डोळे फुटावेत तसं काहीतरी बाहेर आलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग कुंदाकडं पाहिलं. मग सरळ चालत माझ्या मित्राकडं, गजूकडं गेलं, त्याच्या मांडीवर चढलं आणि झोपलं!

"सुध्या," गजू कुजबुजला, "मी काही केलं नाही बे!"

गजू नदीपलीकडच्या सावरगावचा. आमची दोस्ती पहिलीच्या वर्गापासूनची. इतक्या वर्षांत त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याचं तोंड आवडलं नाही.

*

पिल्लासोबत एक जाड कागद आला होता. तिची वंशावळ! ओट्यावरचे मेश्राम सर हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवतात, म्हणून वाचायचा मान त्यांचा. सरांनी चष्मा पुसला. बापाचं नाव, आज्याचं नाव, पणज्याचं नाव, आईकडूनही तसंच. आजा कुठल्यातरी प्रदर्शनात पहिला आलेला. पणजी परदेशातली.

"अन् तुह्या पणज्याचं नाव काय रे, सुध्या?" गजूनं विचारलं. किलो अर्थातच त्याच्या मांडीवर.

मी खरं ते सांगून टाकलं. पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा एका दाखल्यासाठी मला हेच विचारलं होतं, आणि मी चार दिवस नातेवाइकांना फोन करत बसलो होतो.

"मग? सापडलं का?"

"मोठी आत्या म्हणे, खरं नाव कोणालेच ठाऊक नाही. गावात सगळे त्याले बोकोबा म्हणत."

सरांनी कागदाची घडी केली आणि अदबीनं माझ्या हातात दिली. "सुधाभाऊ, मग तर घराणं एकच निघालं!"

*

किलो म्हटलं का मी? कागदावर नाव होतं क्लिओ. कुंदाच्या तोंडात ते दोन दिवसांत किलो झालं. आणि माझा धंदा संत्र्याचा!

एकदा मी नागपूरच्या व्यापाऱ्याशी फोनवर बोलून राहिलो होतो. गाडी भरून तयार. तेवढ्यात कुंदा आतून ओरडली, "अवो, किलो कमी झाली! सकाळपासून किलो सापडून नाही राहिली!"

पलीकडून व्यापारी म्हणाला, "सुधाकरभाऊ, अजून गाडी निघाली नाही, अन् माल कमी कसा झाला?"

फोन टाकून मी रस्त्यावर धावलो. "किलो! ए किलो!" भाजीवाल्यानं हातगाडी थांबवली, तराजू उचलला. "काय देऊ, भाऊ? किलो किलो करून राहिले, पण कायचं ते तं सांगा!"

किलो सापडली गजूच्या स्कूटरवर. सीटवर पाय पसरून झोपलेली. माझी नवी मोटारसायकल बाजूलाच उभी होती, तिच्याकडं पाठ करून!

*

पंधरा दिवस झाले तरी ती माझ्याजवळ येईना. मी जवळ गेलो की शिंकायची. मेश्राम सरांनी मोबाइलमध्ये शोधलं आणि कोणी गेल्यासारखा आवाज काढून म्हणाले, "सुधाभाऊ, वाईट बातमी आहे. मांजरांना संत्र्याच्या वासाचा तिटकारा असते."

ओट्यावरच्या सगळ्यांनी माझ्या हातांकडं पाहिलं.

तीस वर्षं मी संत्र्यात हात घालून आहे. मला घाम आला तरी त्याला संत्र्याचा वास येतो. पावसात भिजलो तर गाई चाटायला मागं लागतात. लग्नात कुंदाच्या मावशीनं विचारलं होतं, "जावयानं अत्तर कोणतं लावलं व?"

आणि गजू? तो जिनिंगमध्ये कापसाची प्रत पाहतो. संध्याकाळी येतो तेव्हा स्वेटरला, भुवयांना, कानांना रुई चिकटलेली. चालतीबोलती गादी! कोणतं पिल्लू जाणार नाही हो?

मी हात धुतले. साबणानं धुतले, बेसनानं धुतले, राखेनं घासले. वास काही जाईना. शेवटी स्वयंपाकघरात जे हाताशी आलं ते खसाखसा चोळलं आणि मोठ्या आशेनं किलोसमोर हात धरले. ती जी उडाली, ती थेट कपाटाच्या टोकावर!

कुंदाला बेसिनमध्ये साल दिसली.

"अवो," ती कपाळाला हात लावून म्हणाली, "संत्र्याचा वास घालवायले लिंबू कोण चोळते?"

*

एका संध्याकाळी गजू स्वेटर विसरून गेला. आता खोटं कशाला बोलू, विसरून गेला नव्हता. मी खुर्चीमागं सरकवून ठेवला होता.

तो घातला. पोटावर ताणला, मनगटं उघडी राहिली, पण घातला. खोलीत पडदा ओढून भिंतीकडं तोंड करून बसलो. गजूसारखा खोकलोही.

किलो आली! पहिल्यांदा आली. पुढचे दोन पाय तिनं माझ्या गुडघ्यावर ठेवले. मग तिनं मान वर केली. चेहऱ्याकडं पाहिलं, स्वेटरकडं पाहिलं, पुन्हा चेहऱ्याकडं पाहिलं. आणि पाय काढून घेतले.

आमच्या लग्नात अंतरपाट खाली झाला तेव्हा कुंदानं मला असंच पाहिलं होतं. कुंदाला फक्त निघून जायला वाट नव्हती.

*

सरांचा पुढचा शोध असा, की मांजराकडं पाहून डोळे हळूहळू मिटायचे आणि हळूहळू उघडायचे. त्यांच्या भाषेत म्हणे तो भरवशाचा निरोप असतो.

किलो सकाळी कंपाउंडच्या भिंतीवर ऊन खात बसायची. मी समोर खुर्ची टाकली. दहा दिवस, रोज अर्धा तास. डोळे मिटले, उघडले, मिटले, उघडले. किलोकडून एकदाही उलट टपाल नाही!

अकराव्या दिवशी शेजारचे वासुदेवराव दारात. भिंतीच्या बरोबर मागं त्यांचं अंगण, आणि त्या अंगणात त्यांच्या सासूबाई रोज सकाळी वाती वळत बसतात, हे माझ्या लक्षातच नव्हतं!

मी घाबरलो. वासुदेवराव मात्र फार मायेनं बोलले. "सुधाभाऊ, सासूबाई म्हणून राहिल्या का तुमचे डोळे पार गेले. त्यायनं तुमचं नाव मोतीबिंदूच्या शिबिरात लिहून टाकलं. शनिवारी या."

"जाऊन या चुपचाप," कुंदा म्हणाली. "नाहीतर म्हातारी दुसरंच काही समजंल."

गेलो. पाऊण तास रांगेत उभा राहिलो. डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारून विचारलं, "कशाचा त्रास आहे?"

मी म्हटलं, "मांजराचा."

*

डिसेंबरात किलोनं दोन दिवस नीट खाल्लं नाही. तिला टोपलीत घालून सौंसरला नेलं. तिथले जनावरांचे डॉक्टर हाताला गुण असलेले, पण सारी उमर बैल आणि म्हशींत गेलेली. टोपलीत डोकावून म्हणाले, "अन् बाकीचं जनावर कुठं आहे?"

मग कागद ओढला. "नाव?"

"किलो."

"वजन नाही विचारून राहिलो. नाव, नाव."

"नावच किलो आहे, साहेब."

"बरं. वजन?"

"दीड किलो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला आणि माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. मग सवयीनं किलोचा जबडा उघडून दात पाहिले. "दुधाचे आहेत. एवढ्यात औताले जुंपू नका!"

तपासून झाल्यावर म्हणाले, "हिले काही नाही झालं. ताप तुम्हाले आहे. दिवसभर तिच्या मागं मागं फिरता ना? नवी गाय आणली का आम्ही आठ दिवस तिच्याकडं पाहत नाही. आपलं काम करत राहायचं. ती स्वतः येते जवळ."

"अन् नाही आली तर?"

"गाय येते," डॉक्टर हात धुता धुता म्हणाले. "हिचं मले सांगता नाही येत, बापा."

*

मी खरंच किलोकडं पाहणं सोडलं. तिनं तर मनावरच घेतलं, तिनंही माझ्याकडं पाहणं सोडलं!

जानेवारीत पल्लवीचा फोन आला. "बाबा, आई सगळं सांगते मला. गजूकाकांशी छान जमलंय ना तिचं? मग संक्रांतीला आपण त्यांच्याकडेच देऊ. तिला पण बरं."

"हो हो," मी म्हटलं. "उत्तमच की!"

फोन ठेवला. कुंदानं न मागता चहा आणून ठेवला आणि बाजूला बसून राहिली. असा चहा ती माणूस गेलेल्या घरीच देते.

ओट्यावर बातमी सांगितली. आता तुम्हाला माहीत असेल, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमची गोटमार होते. जाम नदीच्या या काठावरून आम्ही, त्या काठावरून सावरगाव, आणि मधून दगड! म्हणतात की फार पूर्वी पांढुर्ण्याच्या पोरानं सावरगावची पोरगी पळवून आणली, तेव्हापासूनचं ते वैर.

मेश्राम सर शांतपणे म्हणाले, "फिटंफाट झाली, सुधाभाऊ. तुम्ही त्यायची आणली होती, आता सावरगाववाला तुमची नेऊन राहिला."

मी खाली वाकलो. चप्पल शोधायला वाकलो होतो, पण गजू मधल्या वेळात पुलापर्यंत पोचला होता!

*

संक्रांतीच्या आदल्या दिवशी दुपारी मीच पूल ओलांडून सावरगावला गेलो. खिशात यादी होती. दूध देऊ नको, तिला पचत नाही. कुकरच्या शिट्टीला घाबरते, तेव्हा तिच्याशी बोलत राहा. कानामागं डावीकडं खाजवलेलं चालतं, उजवीकडं नाही. मांडीवर एकदाही न बसलेल्या पोरीची एवढी माहिती मला होती.

गजू खाटेवर तोंड पाडून बसला होता.

"भाऊजी, आता तुम्हीच समजवा," त्याची बायको शोभा म्हणाली. "आमची काळी दिवाळीपासून याहिले जवळ येऊ देऊन नाही राहिली."

काळी त्यांची घरची मांजर. आठ वर्षांची, एका कानाचा तुकडा पडलेला, वंशावळ चुलीपासून मोरीपर्यंत. रोज गजूच्या पायाशी झोपणारी. आता तो घरी आला की फिस्स करून चुलीमागं.

"तुह्या त्या नागपूरवालीचा वास येते ना माह्या अंगाले," गजू म्हणाला. "आठ वर्सं पोसली बे मी तिले! आठ वर्सं!"

तेवढ्यात काळी चुलीमागून निघाली. गजूला लांबून वळसा घातला. माझ्यापाशी आली, माझा संत्र्याचा हात हुंगला, मांडीवर चढली आणि गोल झाली. अशी घुरघुरली, की भिंतीवरचं कॅलेंडर हललं. शपथ!

"उठव तिले," गजू म्हणाला.

"झोपली ना बे."

"सुध्या, उठव म्हणतो!"

"वहिनी," मी म्हटलं, "अजून अर्धा कप चहा टाका." तीन वेळा टाकायला लावला.

यादी खिशातच राहिली. घरी आलो तर पल्लवी एक दिवस आधीच येऊन बसलेली. टोपली उघडी, खाली मऊ फडकं अंथरलेलं.

"कुठं गेला होता, बाबा? चला, आत्ताच पोचवून येऊ तिला."

"पाणी तर पिऊ दे," म्हणून मी खुर्चीत टेकलो.

किलो कपाटावरून उतरली. माझ्या पायाशी आली. पँट हुंगली. आधी एक पाय, मग दुसरा. गुडघ्याशी थांबली. मान वर करून माझ्याकडं पाहिलं. पुन्हा हुंगलं, शिवण न् शिवण. तिची शेपटी फुगून बाटली घासायच्या ब्रशाएवढी झाली. आणि मग एका उडीत ती मांडीवर! या बाजूनं गाल घासला, त्या बाजूनं घासला. जिथं जिथं काळी बसली होती तिथं तिथं घासला. मग सगळी पसरून बसली आणि पुढची दहाही नखं पँटीत रोवली.

मी हललो नाही. डोळ्यात पाणी होतं, ते नखांमुळं असेल.

पल्लवीच्या हातातलं टोपलीचं झाकण तसंच राहिलं. "आई, ए आई! पाहिलंस का?"

कुंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी. हाताला तीळ आणि पाक. तिनं किलोकडं पाहिलं, माझ्या पँटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"पाहून राहिली ना," ती म्हणाली. "मी सत्तावीस वर्सांपासून हुंगून राहिली, तं मले शक्की म्हणतेत तुहे बाबा. अन् हिले मांडीवर घेतेत!"