गाडीवानाचे दीड फूट

सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं त्याने स्ट्रेचर ढकललं, म्हणून सगळे त्याला गाडीवान म्हणायचे. खरं नाव हजेरीबुकात होतं, ते तिथंच राहिलं. माणूस अंगाने आडवा आणि तोंडाने सरळ. स्ट्रेचर उतारावरून खाली नेताना रोग्याचे पाय पुढे, वर चढवताना डोकं पुढे, म्हणजे डोकं कायम उंच, हे नव्या माणसांना तो शिव्या घालून शिकवायचा. ढकलून ढकलून त्याला स्वतःला हर्निया झालेला. ऑपरेशन कर म्हणून डॉक्टर पाठीस लागले होते.

"करू की," तो म्हणायचा, "नवी इमारत होऊ द्या. या उतारावरून मला ढकलणार कोण? ढकलणारा तर मीच!"

त्याचा एक हट्ट होता. रोग्याचा हात धरून चालणाऱ्या माणसाला तो कधी मागे ठेवत नसे. त्याला कारण एक म्हातारी. नोकरीच्या पहिल्या वर्षी, गर्दी होती म्हणून त्याने तिला सांगितलं, "आजी, तुम्ही मागून या." आजी मागून आली ती थेट भलत्याच वॉर्डात. नजर अधू. दुपारभर एका परक्या बाप्याच्या उशाशी बसली, त्याचे पाय चेपले, सगळा डबा त्याला भरवला. बाप्यानेही हूं की चूं न करता तो संपवला. इकडे खरा नवरा उपाशीपोटी "कुठं उलथली ही?" म्हणून वॉर्ड डोक्यावर घेऊन. संध्याकाळी उलगडा झाला तेव्हा म्हाताऱ्याने गाडीवानाच्या सात पिढ्या उद्धरल्या. त्या शिव्या त्याला अजून तोंडपाठ होत्या.

नव्या इमारतीचा नकाशा घेऊन आर्किटेक्टबाई आल्या. बाई कामसू. आठवडाभर टेप घेऊन हिंडल्या. खाटा मापल्या, दारं मापली, गाडीवानाचं स्ट्रेचरही मापलं. आता चार मजले होणार, उतार जाणार, लिफ्ट येणार. सोमवारी लिफ्टची ऑर्डर सुटायची होती. एकदा सुटली की भिंती त्याच मापाने उठणार.

दवाखान्याचे मोठे डॉक्टर, म्हणजे साहेब, त्यांनी सगळ्यांना बोलावून नकाशा दाखवला. "कुणाला काही सांगायचंय?" गाडीवानाने मान पुढे काढली.

"बाई, या लिफ्टमध्ये हात कुठं मावणार?"

"कुणाचा हात?"

"ज्याचं माणूस आडवं पडलंय त्याचा."

बाईंनी नकाशावर बोट ठेवलं. "हे स्ट्रेचर, हे तुम्ही, ह्या सिस्टर. नातेवाइकांना जिना आहे ना."

"चार मजल्यांचा? मग संध्याकाळी कोण कुणाचा नवरा, ते तुम्हीच वाटून द्या."

खसखस पिकली. साहेब तेवढे हसले नाहीत. "लिफ्ट रुंद केली तर शेजारची खोली आखडते," ते म्हणाले. शेजारची खोली म्हणजे साहेबांची केबिन, आणि तिच्यात लिफ्टच्याच भिंतीला लागून त्यांचं स्वतंत्र बाथरूम. वीस वर्षं सामाईक बाथरूमच्या दाराशी ताटकळलेला माणूस. त्याला त्या चार भिंतींचं किती अप्रूप असेल, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"नकाशातलं मला काही कळत नाही," गाडीवान म्हणाला. "अंगणात आखून दाखवा."

बाईंना ते पटलं. खडूने लिफ्टचं खरं माप आखलं, भिंतींच्या जागी बाकडी लावली.

"रोगी कोण होणार?" बाईंनी विचारलं.

"साहेबच," गाडीवान म्हणाला. "बाकी सगळ्यांना ड्युटी आहे."

साहेब बुटांसकट स्ट्रेचरवर आडवे झाले. सिस्टरने सलाईनची बाटली उंच धरली. वॉर्डातली मावशी बायको झाली, आणि ती जणू जन्मभर याच कामाची वाट पाहत होती. "अहो, मला टाकून कुठं निघालात! घराची किल्ली तरी देऊन जा!"

"मावशी, हळू," साहेब पडल्या पडल्या कुजबुजले.

"बघा, बायकोला मावशी म्हणायला लागले! डोक्यावर परिणाम झालाय!"

गाडीवानाने स्ट्रेचर असं झोकात वळवलं की आभाळ गर्रकन फिरलं. साहेबांनी मावशीचं मनगट गच्च धरलं. स्ट्रेचर आत गेलं, सिस्टर आत, गाडीवान आत.

"दार लागतंय!" आर्किटेक्टबाई ओरडल्या.

"अगं बाई, माझं बूड बाहेर राहिलं!"

"साहेब, हात सोडा आता," गाडीवान म्हणाला. "नातेवाईक जिन्याने."

साहेबांनी सोडला नाही. ध्यानात आलं तेव्हा सोडला, पण तोवर अख्ख्या दवाखान्याने पाहिलं होतं. बाईंनी टेप काढली आणि मावशी जेवढी बाहेर राहिली होती तेवढं मापलं.

"दीड फूट."

"इतकी नाही हो मी! परत मापा!"

साहेब उठून बराच वेळ कपडे झटकत राहिले. मग म्हणाले, "घ्या माझ्या बाथरूममधून." आणि जरा थांबून, "बेसिन तरी बसेल ना?"

"बसेल. दार मात्र बाहेर उघडावं लागेल."

इमारत उभी राहायला दोन वर्षं लागली. गाडीवानाने शब्द पाळला; पहिल्याच आठवड्यात तो स्ट्रेचरवर आडवा झाला. आडवा झाला तरी तोंड उभंच. "अरे, कोपरा बघ! चाक डावीकडं ओढतंय ते!" बायकोने त्याचं बोट मुठीत धरलेलं. "आयुष्यभर लोकांना फिरवलंत, मला एकदा बाजारात नेलं नाहीत. आता फिरा गुमान."

लिफ्टमध्ये स्ट्रेचर गेलं, ढकलणारा गेला, सलाईन घेऊन सिस्टर गेली, बायको गेली. कुणी बोलावलं नसताना मावशीही शिरली. इतक्यात ऑपरेशनसाठी वर निघालेले साहेब धावत आले. आत पाय ठेवायला जागा नव्हती.

"साहेब," गाडीवान पडल्या पडल्या म्हणाला, "तुम्हाला जिना आहे ना!"

दार लागलं. साहेब हसत जिन्याला लागले. दुसऱ्या मजल्यापर्यंत त्यांना भिंतीपलीकडून नवराबायकोचं भांडण ऐकू येत होतं.