रिबेकाचे सात दिवस

त्या दिवशी एकादशी होती. भिजवलेला साबुदाणा हाताने मोकळा करत होते, आणि खालच्या मजल्यावरून सायमनभाऊजींचा फोन आला. "कुसुमताई, रिबेका उठत नाहीये हो." एवढंच. मी तशीच, बोटांना साबुदाणा चिकटलेला, जिना उतरले... दीड महिना झाला त्याला.

रिबेका अलिबागकडची. त्यांचे लोक कोकणातले यहुदी, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे. तिचे यजमान सायमनभाऊजी इथे आखातात, अल खौदला विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, आणि मी लेकाकडे राहायला आलेली, शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं वाचून वाचून. आमची गट्टी जमली उपासावरून. यहुद्यांचं देऊळ फार पूर्वी शत्रूने पाडलं, त्या दुःखाचा त्यांचा एक उपास असतो. कोकणात त्याला बिरड्याचा सण म्हणतात, कारण तो सोडताना वालाचं बिरडं लागतंच. मी तिला आमची वरी, रताळी, शेंगदाण्याची आमटी सांगितली तर म्हणाली, "ताई, हा उपास की जेवणावळ?"

तिच्याकडे एक जाडं इंग्रजी पुस्तक होतं, जगाच्या शेवटाबद्दलच्या जुन्या यहुदी लिखाणाचं. दुपारी वाल सोलता सोलता ती मला त्यातलं मराठीत सांगायची. त्यातले द्रष्टे आधी उपास करतात, मग त्यांना दिसतं. कुणी तीन आठवडे मांस आणि दारू सोडतो, कुणी सात दिवस अन्नाला शिवत नाही, मग देवदूत येऊन त्याच्या प्रश्नाला उत्तर देतो. एकाला तर घरदार नसलेल्या माळावर जाऊन नुसती फुलं खायला सांगितलेलं. आणि अगदी शेवटी, जे उरतील त्यांच्या पंगतीसाठी समुद्रातला एक अवाढव्य प्राणी राखून ठेवलाय म्हणे. मी म्हटलं, तुम्ही कोकणातले, जग बुडालं तरी मासळी सोडायचे नाही. किती हसलो होतो आम्ही. पुढच्या शुक्रवारी भाऊजींनी बरक्याच्या मासळीबाजारातून ही एवढी सुरमई आणली तेव्हा ती म्हणाली, शेवटचा दिवस आला वाटतं.

मग इब्रीच्या रस्त्यावर अपघातात तिचा एकुलता एक मुलगा गाडीसकट गेला. लग्न ठरलेलं होतं.

त्यानंतर ती त्या पुस्तकातलं एकच पान वाचायची. माळावर फुलं खाणाऱ्या त्या द्रष्ट्याला एक बाई भेटते, तिचा एकुलता एक मुलगा लग्नाच्याच दिवशी मेलेला. आता मरेपर्यंत खाणारपिणार नाही म्हणते. तो तिला रागावतो, घरी जा म्हणतो. रिबेका म्हणाली, "तो तिला रागावला, ताई. मुलगा का गेला, ते नाही सांगितलं." आणि तिने सात दिवसांचा उपास धरला. फक्त पाणी. कुणीतरी येऊन सांगेलच, म्हणाली.

सहाव्या दिवशी भाऊजी वर आले. "तुमचं ऐकेल ती. दोन घास खायला सांगा." तिला साखरेची गोळी चालू आहे, हे मला माहीत होतं. पण आमच्या घरात उपास धरलेल्याला कुणी खा म्हणायचं नाही, पाप लागतं. जन्मभर पाळलेलं... मी म्हटलं, "एकच दिवस राहिलाय भाऊजी. धरलेला मोडू नये." ते खाली गेले.

डॉक्टर म्हणाले, रिकाम्या पोटी गोळी. साखर उतरली, त्याच रात्री झोपेत.

स्वयंपाकघरात ओट्यावर एक ओलं फडकं बांधलेलं होतं. सोडलं तर वाल, चांगले बोटाच्या पेराएवढे मोड आलेले. पाचव्या दिवशी तिनेच बांधले असणार. म्हणजे आठव्या दिवशी जेवायचं तिच्या मनात होतं. मी नुसतं "खा" म्हणायला हवं होतं. कदाचित सहाव्या दिवशीही जेवली असती.

ते फडकं मी मागून आणलं. आता मी एकादशी धरत नाही. वाल भिजवते, त्याच फडक्यात बांधते, मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक सोलते. बिरडं करून डबा खाली नेते. भाऊजी दार उघडतात, डबा घेतात. दुसऱ्या दिवशी तो दाराबाहेर ठेवलेला असतो, तसाच भरलेला. बंद दारापाशी "खा" म्हणायला मी तोंड उघडते... आणि डबा उचलून वर येते.