झोपेचे जॉबर

"आगू, आगू. थांब, जरा सावकाश बोल की. आवाज ऐकू दे."

समोरचा माणूस बोलायला लागला की जॉबरमामा डोळे मिटायचे आणि मान डावीकडे कलती करायचे. नवख्याला वाटायचं, म्हातारा पेंगला. एकदोघांनी तर रागावून बोलणं अर्ध्यावर सोडलं होतं. मग मामा डोळे न उघडताच त्यांचं शेवटचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवायचे आणि "फुडं?" म्हणून विचारायचे.

जॉबर म्हणजे यंत्रमाग बिघडला की दुरुस्त करणारा. आमच्या सोलापूरच्या तेलुगू वस्तीच्या पूर्व भागात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, तुम्ही बाहेरचे असाल म्हणून सांगते. मामांनी सारं आयुष्य टॉवेलच्या एका कारखान्यात काढलं. चाळीस माग एकदम धडधडत असताना दारात उभं राहून ते सांगायचे की तिसऱ्या ओळीतला पाचवा माग रडायलाय. अशी माणसं आता आमच्याकडेही फार उरलेली नाहीत. ते आमच्या गल्लीत राहत होते, हे मी आजही पाहुण्यांना ताठ मानेनं सांगते.

माझं औषधांचं दुकान आहे. गिऱ्हाइकांसाठी बाहेर एक बाकडं ठेवलं होतं, त्यावर मामांनी निवृत्तीनंतर कायमचा ताबा मिळवला. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी द्यायची नाही हा माझा नियम. नियम ऐकून माणूस मला शिव्या घालत पायरी उतरला की मामा त्याचा हात धरायचे.

"गोळी ऱ्हाऊ दे. बस हितं. कवापासनं झोप न्हाय?"

सुरुवातीला माझा संताप व्हायचा. दुकान माझं, पदवी माझी, भिंतीवर लावलेला परवाना माझा, आणि गर्दी यांच्याभोवती! मी एकदा म्हणालेसुद्धा, "मामा, तुम्हाला यातलं काय कळतं?"

"मला कायबी कळत न्हाय, अम्मा," ते म्हणाले. "मी नुस्ता सव्वा वर्स झोपलो न्हवतो."

ती हकिगत त्यांच्याच तोंडून ऐकलेली. कारखाना खाली आणि घर वर, अशी त्यांची राहणी. लग्नाच्या रात्रीसुद्धा खालचे माग चालूच होते. एके दिवशी मालकानं सगळे माग भंगारात काढले आणि खाली शांतता झाली. त्या शांततेत मामांची झोप उडाली. डॉक्टरांनी सांगितलं, निवांत खोलीत झोपा. "त्या निवांतपनानंच तर मारलं मला," मामा म्हणायचे. मग ते चार गल्ल्या सोडून मेहुण्याच्या चालत्या कारखान्यात दुपारी जाऊन सुताच्या पोत्यांवर झोपायला लागले. तिथं घोरायचे आणि रात्री घरी आढ्याकडे बघत पडायचे. जेवण तुटलं, कुणाशी बोलावंसं वाटेना, नातू मांडीवर बसला तर त्याला खाली ठेवायचे.

"मंग एक दिस कळलं," ते सांगायचे. "मी मशिनच्या फुडचा भाग खोलत बसलोय, आन बिघाड मागं हाय. झोप रातीची बिघडलीय, पर दुरुस्ती दिसाची कराय पायजे."

दिवसाची दुरुस्ती म्हणजे काय, ते आमच्या गल्लीनं बाकड्यावर बसून पाहिलं. एक रिक्षावाला होता, त्याच्या छातीत सारखी धडधड व्हायची. मामांनी डोळे मिटून त्याचं सगळं ऐकलं आणि विचारलं, "चा किती?" त्यानं बोटं मोजली, दोन्ही हातांची संपली. मामांनी दुपारनंतरचा चहा बंद केला. रिक्षावाला आठ दिवस सगळ्या गल्लीवर खेकसत फिरला, नवव्या दिवशी जिलबीचा पुडा घेऊन आला. एक निवृत्त मास्तर नवाच्या ठोक्याला अंथरुणात शिरायचे आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत रात्र काढायचे. मामा त्यांच्या घरी गेले आणि घड्याळ काढून बगलेत मारून आणलं. वर सांगून आले, "झोप आली की आडवं व्हायचं. न्हाय आली तर उठायचं, हाताला काम द्यायचं. हातरुनाबरोबर भांडायचं न्हाय."

हाताला काम म्हणून ते सुताचा गुंता द्यायचे. मेहुण्याच्या कारखान्यातून पिशवीभर आणून ठेवलेला असायचा. "सोडव. सुटला तर बरं, न्हाय सुटला तर पर्वालेदू," म्हणजे काही बिघडत नाही. मास्तरांनी वर्षभरात इतका गुंता सोडवला की त्यांच्या बायकोनं त्या सुताची पायपुसणी विणली.

आता माझं सांगते. सांगायला जीभ अडखळते, पण मामांची गोष्ट यावाचून पुरी होत नाही.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत माझा नवरा गेला. आठवड्यात मी दुकान उघडलं, कारण त्या दिवसांत औषधांचं दुकान बंद ठेवता येत नव्हतं. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. खंबीर बाई रात्री जागी असायची आणि दुपारचा जेवणाचा डबा न उघडता परत न्यायची. एका रात्री मी आपल्याच कपाटातून अर्धी गोळी घेतली. मग एक घेतली. दोन वर्षांनी मी रोज दोन घेत होते. चिठ्ठीशिवाय कुणाला न देणारी मी, स्वतःला मात्र विनाचिठ्ठी देत होते, आणि त्या गोळ्यांच्या पट्टीवाचून मी उद्या उभी राहू शकणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं.

एका दुपारी मी शेजारच्या आजींना रक्तदाबाची दुप्पट ताकदीची गोळी दिली. दहा मिनिटांनी ध्यानात आलं. मे महिना, डांबर वितळायला आलेलं, आणि मी चप्पल न घालता त्यांच्या घरापर्यंत पळाले. आजींनी गोळी अजून फोडली नव्हती. परत आले तेव्हा पाय भाजले होते. मामा बाकड्यावर होते. त्यांनी काय झालं ते विचारलं नाही.

"अम्मा, तुझा आवाज लई दिस झालं बसलाय," ते म्हणाले. "मी वाट बघायलो व्हतो, कवा बोलतीस."

"मला बोलायचं नाही."

"नको बोलू. उद्या पाचला तळ्यावर ये. झोप लागू दे न्हायतर न लागू दे, पाच म्हंजे पाच."

मी गेले. सिद्धेश्वर तळ्याच्या कडेनं ते झपाझप चालायचे, मी मागून फरफटत. उजाडलं की पूर्वेकडे तोंड करून उभं करायचे, "डोळ्यात उजेड जाऊ दे, शरीराला दिस कळू दे." संध्याकाळी सातला भाकरी पोटात गेलीच पाहिजे. नऊनंतर मोबाईल त्यांच्या सुनेकडे जमा. या सगळ्या गोष्टी मी पुस्तकात शिकले होते, परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. पण माझ्यासाठी पाच वाजता तळ्यावर कुणी उभं राहिलं नव्हतं. महिन्याभरात मला भूक लागायला लागली. एकदा तर मी चालता चालता हसले, आणि मामांनी थांबून कौतुकानं माझ्याकडे पाहिलं.

गोळ्यांचं मात्र मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्या कौतुकानं मी हुरळले आणि एके दिवशी पट्टी कचऱ्यात टाकली. अशी गोळी एकदम तोडायची नसते हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगते. तिसऱ्या दिवशी पहाटे मी तळ्यावर पोचले ती घामानं निथळत, छाती फुटेल अशी धडधड, बोटं स्थिर राहीनात. तिथल्या पायरीवर बसून मी सगळं सांगून टाकलं.

मामांनी या वेळी डोळे मिटले नाहीत. "चालत्या मागाचा पट्टा कुनी हातानं वडतंय का? तुला ठावं व्हतं की!"

"होतं."

"मंग?"

"तुम्हाला दाखवायचं होतं, की बघा, जमलं."

ते माझ्या शेजारी पायरीवर टेकले. म्हणाले, "चूक माजी हाय. मी आवाज ऐकला, पर आत काय हाय ते इचारलं न्हाय. ऊठ. हे माज्या पान्याचं काम न्हाय. याला डाक्टर पायजे."

त्याच दिवशी ते मला मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेले. मी ओढणीनं तोंड बांधलं होतं. मामा इस्त्रीचं धोतर, पांढरा सदरा, डोक्याला टोपी अशा थाटात, जणू मुलगी बघायला निघालेत. बाहेरच्या खोलीत सगळे खाली माना घालून बसलेले, निम्म्यांची तोंडं बांधलेली. मामांनी एकदा नजर फिरवली आणि एका रुमालवाल्याला खणखणीत आवाजात विचारलं, "काय अप्पा, तुमीबी डोक्याच्या डाक्टरकडं व्हय? बरं झालं आलात. आमी झोपंसाटी आलोय."

मला जमिनीनं गिळावं असं झालं. पण अप्पांनी रुमाल खाली घेतला. मग कोपऱ्यातली एक बाई हसली, तिनं पदर सोडला. दहा मिनिटांत त्या खोलीत कुणाची झोप किती, कुणाला कशाची भीती, यावर अशी चर्चा रंगली की आतून डॉक्टर बाहेर डोकावले. मीही ओढणी सोडली.

डॉक्टरांनी हळूहळू गोळी उतरवायचं वेळापत्रक लिहून दिलं आणि मामांचे सगळे नियम चालू ठेवायला सांगितले. ते ऐकून मामा पायऱ्या उतरताना तीनदा म्हणाले, "बघ, डाक्टर काय म्हनला." सात महिने लागले. दर महिन्याला ते माझ्याबरोबर यायचे. शेवटच्या पाव गोळीनंतर डॉक्टर म्हणाले, आता काही नको. मामांनी त्यांच्याशी असा हात मिळवला, जणू दोघांनी मिळून एक माग चालू केला.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी, दुपारी जेवून उठताना मामांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत ते गेले होते.

अंत्ययात्रेला केवढी माणसं होती! रिक्षावाल्यांनी रिक्षा बंद ठेवल्या होत्या. मास्तर भर उन्हात शेवटपर्यंत चालले. संध्याकाळी माझा भाऊ घरी आला, त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि खिशातून पट्टी काढली. "आज एक घे. आज घेतलीस तर कुणी काही म्हणणार नाही." त्याचं चुकत नव्हतं. मलाही वाटत होतं, आज आपलं सगळं पुन्हा सुटणार. मी पट्टी त्याच्या खिशात परत ठेवली, भाकरी खाल्ली, पोटभर रडले, आणि डोळे जड झाले तेव्हा आडवी झाले.

सकाळी त्यांच्या घरी गेले. मामांचा मुलगा खांबाला टेकून बसला होता, आदल्या दिवसापासून त्याच्या डोळ्यातून टिपूस आलं नव्हतं. सुनेनं मला पाणी दिलं आणि हळूच विचारलं, "ताई, रातीला झोप लागली का?"

ज्या घरात काल माणूस गेलं तिथं हे कसं सांगावं, मला कळेना. तरी खरं तेच सांगितलं.

"लागली. पाचपर्यंत गाढ."

ती वळली आणि नवऱ्याला तेलुगूत काहीतरी म्हणाली. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "झोपलात?" त्यानं विचारलं. मी मान डोलावली, तेव्हा तो माणूस हसला, आणि हसता हसता पहिल्यांदा रडला.