गायक गेल्यावरचे मास्तर

पेटीसमोर मांडी घातली की मास्तर पहिलं काम एकच करायचे. मी कौतुकानं पेटीपुढे लावलेला माइक दोन बोटांनी खाली वाकवायचे आणि वर मलाच समजावायचे, "आवाज गायकाचा जाऊ द्या. पेटी हाय का न्हाई, हे लोकायला कळायचं काम न्हाई."

जाफराबादला माझा साऊंडचा धंदा आहे. भाषण संपलं तरी माइक न सोडणाऱ्यांच्या हातातून तो काढून घेण्यात माझी निम्मी हयात गेली. तुम्हीही असे वक्ते पाहिले असतीलच. त्यामुळे माइक दूर लोटणारा हा माणूस मला सुरुवातीला चक्क ढोंगी वाटला होता.

मास्तर आमच्या भागातल्या एका भीमगीतांच्या पार्टीचे पेटीवाले. गाणी लिहायचे तेच, चाली लावायचे तेच. गायचा मात्र त्यांचा जोडीदार. त्याला आपण गायकच म्हणू, सगळा तालुका तेच म्हणायचा. तीस वर्षं दोघं एकाच जीपमधून गावोगाव हिंडले. गायकानं वरचा सूर लावला की जयंतीच्या गर्दीतला भेळवालासुद्धा हात थांबवून ऐकायचा. मास्तरांचा स्वतःचा आवाज मात्र फुटक्या माठासारखा, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दोघांची कुरबुर सुरू झाली ती वेगावरून. गायकाला गाणं पळवायचं होतं. पोरं नाचली पाहिजेत, व्हिडिओ मोबाइलवर फिरला पाहिजे. मास्तरांचं म्हणणं, इतकं पळवलं तर शब्द मागं राहतात. आता आमच्याकडच्या गाण्यांची एक रीत अशी, की शेवटच्या कडव्यात कवी आपलं नाव गुंफतो. गायकानं व्हिडिओ करताना ते कडवंच गाळलं.

"लोक तंवर नाचून दमत्यात, मास्तर," तो म्हणाला. "शेवटचं कोण ऐकून राह्यलंय?"

मास्तरांनी भाता मिटला आणि पेटीला खोळ घातली. खोळीची नाडी बांधायला त्यांना त्या दिवशी फार वेळ लागला. पार्टी फुटली ती तिथंच, माझ्यासमोर.

गायकाचं एकट्याचं बरं चाललं. त्यानं आधीच भरून ठेवलेलं संगीत घेतलं, ट्रॅक म्हणतात त्याला. चमकीचं जाकीट शिवलं, बॅनरवर एकट्याचाच फोटो टाकला. मास्तर मात्र घरी बसले. तीन महिन्यांनी भेटायला गेलो, तर पेटी तशीच खोळीत.

"पेटीवाल्याला एकट्याला कोण बोलवतंय?" ते म्हणाले. "नुसता मंडप घातलाय अन् आत लग्नच न्हाई, असं कुठं पाह्यलंय का?"

मला वाईट वाटलं. शिवाय, खोटं कशाला बोलू, एका गावच्या विहाराच्या वर्धापनदिनाला मला गाणारा हवा होता आणि कोणी मिळत नव्हतं. मी म्हटलं, तुमची गाणी तुम्हीच म्हणा. ते आवाजाचं बोलायला लागले तेव्हा मी फुशारकी मारली, की माझ्या मशिनीवर कावळाही गोड लागतो. दोन दिवस विचार करून त्यांनी "बरं, एकडाव बघू" एवढाच निरोप पाठवला.

दुपारचा कार्यक्रम. मास्तरांनी सुरुवात छान केली. पेटी वाजत वाजत गाणं सुरू होण्याच्या जागेवर आली आणि मास्तर गप्प. पुन्हा पहिल्यापासून वाजवलं, पुन्हा त्या जागेवर आले आणि डावीकडं बघायला लागले. डावीकडं गायक बसायचा. पेटीनं वाट करून द्यायची आणि ओळ दुसऱ्यानं उचलायची, ही तीस वर्षांची सवय. आपणच गायचंय हे डोक्याला माहीत होतं, पण तोंडच उघडेना. तिसरा फेरा झाला. ढोलकीवाला डोळ्यांनी खुणावत होता. मागची पोरं खिदळू लागली. मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. हा माणूस आता जन्मात पेटीला हात लावणार नाही, आणि ते पाप माझं, एवढंच माझ्या मनात येत होतं.

चौथ्या फेऱ्याला पुढं बसलेल्या एका आजीनं, बहुतेक कंटाळून, स्वतःच ओळ उचलली. "माय माती वाहून गेली, लेक सही करून आली." शेजारच्या दोघी मिळाल्या. मग सगळ्या बाया, मग गडी. सूर चार दिशांना चाललेले, आणि मास्तरांची पेटी त्या सगळ्यांना सांभाळत मागोमाग. शेवटचं कडवंही झालं. मास्तरांचं नाव आलं तेव्हा बायांनी ते चांगलं ठणकावून म्हटलं.

गाणं संपल्यावर मास्तरांनी विचारलं, "आजी, हे शेवटचं तुमाला कुठून येतंय? व्हिडिओत तर न्हाई."

"तुमीच आल्ते की आमच्या गावात," आजी म्हणाल्या. "माझी सून नवी होती तवा. तवाचं पाठ हाय."

मास्तरांनी उपरण्यानं तोंड पुसलं. मीही उगाच वायरी तपासल्या.

तिथून त्यांचा नवा धंदा सुरू झाला. गायक नसलेला कार्यक्रम. दुपारी गावात पोचायचं, बायांना नवं गाणं शिकवायचं आणि संध्याकाळी सगळ्या गावानं म्हणायचं. नवं लिहिणं कैक वर्षं बंद होतं, ते जोरात सुरू झालं. ओळी आखूड झाल्या. "चाळीस जणायला एका दमात म्हणता आलं पायजे, असं लिहून राह्यलो," ते मला सांगायचे.

एक दिवस गायक माझ्या दुकानात आला. तारखा भरलेल्या होत्या, पण चेहरा उतरलेला.

"खोकला आला तर मास्तर एक फेरा जास्त वाजवायचे. लोकायला कळायचंबी न्हाई," तो म्हणाला. "हा ट्रॅक थांबत न्हाई, भाऊ. निघून जातो पुढं. विचारा ना मास्तरायला, परत येता का म्हणून."

मी आनंदानं धावलो. फुटलेलं जोडायची मला फार हौस.

मास्तर म्हणाले, "न्हाई. रागानं न्हाई म्हणत. पण मला आता ह्याच्यातच मजा येऊन राह्यली." मग म्हणाले, "केदारखेड्याला बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम हाय. त्याला म्हणावं, यायचं आसंल तर ये. मंग माणसात बसून म्हण."

गायक येईल असं मला वाटलं नव्हतं. पण आला, साध्या सदऱ्यात. ऊन उतरलं होतं. तो गर्दीत कुठंतरी बसला आणि गाणी सुरू झाली. शंभरेक माणसं गात होती. मी कान देऊन देऊन ऐकलं, पण मला काही त्याचा आवाज निवडता आला नाही. मला वाटलं, बिचारा गप्पच बसला असेल.

कार्यक्रम संपल्यावर मी मास्तरांना हळूच विचारलं, "गायक गायला का हो? मला तर ऐकू आला न्हाई."

"गायला की. उजव्या अंगाला, लिंबाखाली," पेटी बंद करता करता ते म्हणाले. "दुसऱ्या कडव्यापसून. आवाज जरा बसलाय त्याचा. त्याला सांगा, सकाळी गरम पाणी पीत जा."

मग पेटी खांद्यावर घेऊन ते जीपकडं गेले. उद्या दुपारी पुढच्या गावात बायांना नवं गाणं शिकवायचं होतं.