ओढ म्हणजे वायर खेचणं

आज दुपारी माह्या छोट्या रोबोटच्या वायरीले कनेक्टर लावत बसलो होतो. पकडीनं दाबलेली पिन पक्की बसली का, ते वायर ओढूनच समजते. मी कनेक्टर धरून "ओढ" म्हणो अन् माही पोरगी वायर ओढे. आजही सवयीनं "ओढ" म्हणलो. पण ती तं शिकाले नागपूरले गेली.

संध्याकाळी तिचाच फोन आला. ती हिंदीतच बोलते.

"बाबा, रूममेट बोली, घर की बहुत याद आए तो मराठी में उसको ओढ बोलते हैं. मैं तो समझती थी, ओढ मतलब वायर खींचना."

म्हणलं, "दोन्ही एकच हाय, बेटा."

सांगा जी, तुमच्या वायरचं दुसरं टोक कोन्या गावाले हाय?