डॉट व्हॅल्यूचं शेपूट

माझ्या धाकट्या साडूइतका शब्दांचा कंजूष माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात सापडणार नाही. फोनवर तो हॅलो म्हणत नाही आणि मुद्दा संपला की दुसऱ्याचं वाक्य अर्ध्यावर असतानाच ठेवून देतो. माझ्या मेहुणीला पाहायला तो आला तेव्हा वडीलधाऱ्यांनी त्याचं मत विचारलं, तर ‘पसंत’ एवढंच म्हणून त्याने पोह्यांची बशी उचलली. लग्नपत्रिकेतून त्याने देव सोडून सगळ्यांच्या नावाआधीची विशेषणं उडवली. दोन काका त्याच्याशी अजून बोलत नाहीत. त्याला ते सोयीचंच वाटतं.

हिंगोलीजवळच्या आमच्या गोरेगावात घरी बसून तो परगावच्या लोकांच्या वेबसाइट बनवतो. त्या ज्या तयार साच्यावर उभ्या राहतात, त्या जावास्क्रिप्टच्या फ्रेमवर्कमध्ये बदलत्या आकड्याच्या नावापुढे दर वेळी ‘डॉट व्हॅल्यू’ लिहावं लागतं. तेव्हा कुठे आकडा बदलला की पडद्यावरही आपोआप बदलतो. हे शेपूट त्याला सहन होईना. ‘पाणी पेताना दर घोटाला पाणी पाणी म्हणून राहता का तुमी?’ असं मला विचारून तो कामाला लागला आणि महिनाभर खपून त्याने शेपूट छाटणारी सोय केली. नुसतं नाव लिहायचं, बाकीचं ती पाहून घेई.

त्याच सोयीवर आम्ही दोघांनी गावासाठी इंटरनेटवर एक पान केलं. आमच्याकडे हिंगोलीची जीप भरल्याशिवाय सुटत नाही. किती जागा उरल्या ते ड्रायव्हर मोबाइलवर टिपायचा, लोक घरी पाहायचे आणि ‘दोन बाकी’ दिसलं की चहा संपवून निघायचे. पानाची सजावट माझ्याकडे होती. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो, पण हे काम मला त्यानेच शिकवलं. ‘हा आकडा दुसऱ्या नावात उतरवू नका, साडूभाऊ. तिथं तो मरतो,’ असं त्याने बजावलंही होतं. एके दिवशी मी नेमकं तेच केलं. पान उघडताना दिसलेला आकडा मग हललाच नाही. शेजारच्या काकूंची हिंगोलीला डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख होती. त्या पिशवी भरून ‘तीन बाकी’कडे बघत बसल्या आणि दोन जीपा भरून निघून गेल्या.

काकू त्याच्या दारात आल्या. ‘तुझ्या पानापायी तारीख गेली की रे माझी,’ एवढंच म्हणाल्या. मी तिथेच उभा होतो. जमलेल्या सगळ्यांनी दोष त्याच्या नव्या सोयीला दिला आणि मी गप्प राहिलो. त्याने त्याच दिवशी सोय काढून टाकली आणि शेकडो ठिकाणी शेपूट पुन्हा जोडायला बसला.

काकूंना पुढची तारीख मिळाल्याचं कळलं, तेव्हा कुठे मी त्याच्यापुढे कबुली दिली. त्याने पडद्यावरून नजर काढली नाही.

‘म्हाईत हाय मला. पण तुमी विसरलात म्हंजे कुणीबी विसरल. शेपूट दिसलं असतं तर हा जिता आकडा हाय हे ध्यानात येऊन तुमचा हात थांबला असता.’

तो चिडला असता तर मी सुटलो असतो. त्याने फक्त खुर्ची सरकवून मला जागा करून दिली. संध्याकाळपर्यंत आम्ही शेजारी बसून एकेका नावापुढे व्हॅल्यू लिहीत राहिलो. महिनाभर खपून केलेली ती सोय त्याने पुन्हा उघडली नाही, आणि मलाही कधी तिच्याबद्दल विचारायचा धीर झाला नाही.