ताईचं जहाज आणि माझं पत्रक

झेरॉक्सच्या गरम कागदाचा वास आला की मला आमच्या हिंदीभाषक शहरातलं, अन्नपूर्णा मंदिराजवळचं ते दुकान आठवतं. सीमेवर तणाव होता, चौकाचौकात युद्धाच्या घोषणा चालल्या होत्या आणि नौदलातल्या माझ्या ताईचा फोन तीन दिवस बंद होता. मी संतापून पत्रक लिहिलं: घोषणा तुमच्या, जीव माझ्या ताईचा. पुरावा म्हणून तिचं जहाज कधी आणि कुठून निघालं, तेही त्यात घातलं. दुकानात गठ्ठा निघत असताना आई आली. एक प्रत उचलून वाचली आणि तिचा चेहराच उतरला. "ही तारीख कशाला?" "खरी आहे, आई." "खरी आहे म्हणूनच विचारतेय! तिने घरात सांगितलं होतं, गावाला नाही. कुणाला पाठवलंस?" मी मित्रमैत्रिणींच्या ग्रुपवर पत्रकाचा फोटो टाकला होता. मी तो लगेच पुसला, पण तोवर चौघांनी तो पाहिलाही होता. आईने मला चौघांना फोन लावायला लावला. शेवटचा म्हणाला, "अरे यार, मैं तो आगे भेजने ही वाला था." दुकानदार गोंधळला. "आंटीजी, पर्चे में गलती है क्या?" "हाँ भिया, बहुत बड़ी," म्हणत आई गठ्ठा फाडू लागली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "युद्धाविरुद्ध लिही, खुशाल लिही. पण तिचा पत्ता देऊन नको." सहाव्या दिवशी ताईचा फोन आला. आईने तिला यातलं काहीच सांगितलं नाही. मी आजही पत्रकं लिहिते, तितक्याच रागाने. पण ताईला हे सांगायचं धाडस अजून झालेलं नाही.